औषध देतानाचे व्यत्यय व परिचारिकांच्या चुकांचे प्रतिबंधन

रुग्णालयात रुग्णाला औषध देण्याची तयारी करत असताना किंवा प्रत्यक्ष औषध देत असताना परिचारिकेचे लक्ष दुसरीकडे वळवणाऱ्या कोणत्याही घटनेस औषध देतानाचा व्यत्यय असे म्हणतात. दूरध्वनी, नातेवाइकांचे प्रश्न, सहकाऱ्यांची हाक, यंत्रांचे सूचक आवाज, औषधाच्या गाडीवर नसलेल्या वस्तूची शोधाशोध ही त्याची नेहमीची रूपे आहेत. अशा व्यत्ययांमुळे औषधांच्या चुका वाढतात, असे निरीक्षणांवर आधारित संशोधनातून दिसून आले आहे. त्यामुळे व्यत्यय कमी करणे हा रुग्णसुरक्षेचा एक स्वतंत्र विषय मानला जातो. महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील जालन्यासारख्या जिल्ह्यांच्या सार्वजनिक रुग्णालयांत या विषयाचा संबंध मनुष्यबळ, नातेवाइकांची उपस्थिती आणि औषधांचा पुरवठा या प्रश्नांशी येतो.

व्याख्या व स्वरूप

औषधाची चूक म्हणजे औषध लिहून देणे, ते औषधालयातून पुरवणे, तयार करणे, रुग्णास देणे आणि परिणामावर लक्ष ठेवणे यांपैकी कोणत्याही टप्प्यावर झालेली, टाळता येण्याजोगी चूक. चूक झाली म्हणजे इजा झालीच असे नाही. पुष्कळ चुका रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पकडल्या जातात, तर काहींचा परिणाम जाणवत नाही. तरीही निरुपद्रवी ठरलेली चूक आणि प्राणघातक ठरलेली चूक यांची कारणे पुष्कळदा एकच असतात.

औषधाच्या या प्रवासात परिचारिकेचे स्थान वेगळे आहे. डॉक्टरांनी लिहिताना केलेली चूक औषधनिर्माता पकडू शकतो. औषधनिर्मात्याची चूक परिचारिका पकडू शकते. परिचारिकेने दिलेले औषध मात्र थेट रुग्णाच्या शरीरात जाते. तिच्यानंतर चूक अडवणारा टप्पा उरत नाही. उरतो तो फक्त रुग्ण किंवा त्याच्याजवळ बसलेला नातेवाईक.

परिचर्येच्या शिक्षणात योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच निकष शिकवले जातात. त्यांत पुढे योग्य नोंदीची भर पडली. हे निकष काय साध्य करायचे ते सांगतात. ते कोणत्या परिस्थितीत साध्य करायचे हे सांगत नाहीत. एकाच वेळी अनेक रुग्णांची जबाबदारी असलेल्या परिचारिकेला हे निकष पाळण्यासाठी काही मिनिटे सलग मिळतात का, हा व्यत्ययांच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

व्यत्ययांचे प्रकार

व्यत्ययांचे साधारणपणे पुढील प्रकार पाडले जातात.

* व्यक्तींकडून येणारे व्यत्यय : नातेवाईक, अन्य रुग्ण, डॉक्टर, सहकारी, शिकाऊ विद्यार्थिनी व कक्षसेवक यांचे प्रश्न किंवा निरोप.
* यंत्रांकडून येणारे व्यत्यय : कक्षातील दूरध्वनी, भ्रमणध्वनी, मॉनिटर व सलाईन पंपाचे आवाज.
* व्यवस्थेतील उणिवांमुळे येणारे व्यत्यय : सिरिंज, सुई किंवा औषध जागेवर नसणे, केसपेपर न सापडणे, अक्षर न लागल्याने डॉक्टरांना विचारण्यास जावे लागणे.
* आंतरिक व्यत्यय : थकवा, सलग रात्रपाळ्या, भूक, काळजी किंवा मध्येच आठवलेले दुसरे काम.

सर्वच व्यत्यय घातक नसतात. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा श्वास अडला, तर हातातील गोळ्या बाजूला ठेवणे हेच परिचारिकेचे कर्तव्य आहे. त्याचप्रमाणे ‘ही गोळी माझ्या रोजच्या गोळीसारखी दिसत नाही’ असे रुग्णाने म्हणणे हा व्यत्यय असला, तरी तो चूक थांबवणारा व्यत्यय आहे. म्हणून या क्षेत्रातील उद्दिष्ट सर्व व्यत्यय बंद करणे हे नसून अनावश्यक व्यत्यय वेगळे काढून टाळणे हे आहे.

व्यत्ययाने चूक कशी होते

माणसाची तात्पुरती स्मरणशक्ती मर्यादित असते. औषध तयार करताना परिचारिकेच्या मनात रुग्णाचे नाव, खाट क्रमांक, औषधाची मात्रा, द्रावणाचे प्रमाण आणि पुढची पायरी एवढे एकाच वेळी असते. मध्येच दुसरे काम आले की यातील काही भाग विसरला जातो. परत आल्यावर काम ‘जिथे थांबले होते’ तिथून सुरू करण्याचा प्रयत्न होतो. पण कुठे थांबले होते याची आठवण बरोबर असतेच असे नाही. त्यामुळे एखादी पायरी गळते किंवा दोनदा होते. दिलेल्या औषधाची नोंद राहून गेली, तर पुढच्या पाळीतील परिचारिका तेच औषध पुन्हा देण्याची शक्यता निर्माण होते.

पुनःपुन्हा केल्याने सवयीचे झालेले काम आणखी फसवे असते. हात सरावाने चालत राहतात आणि नजर कुपीवरील नाव ‘वाचते’, पण मन ते तपासत नाही. अपेक्षित नावच दिसल्याचा भास होतो. सारख्या दिसणाऱ्या कुप्या आणि सारख्या उच्चाराची नावे यांमुळे हा धोका वाढतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांच्या कारणमीमांसेसाठी मांडलेले प्रारूप येथे वापरले जाते. प्रत्येक संरक्षक टप्पा हा छिद्रे असलेल्या चकतीसारखा असतो. सर्व चकत्यांची छिद्रे एका रेषेत आली की अपघात घडतो, असे हे प्रारूप सांगते. व्यत्यय हे शेवटच्या चकतीचे छिद्र रुंदावणारे कारण आहे.

संशोधन

रुग्णालयातील चुकांकडे जगाचे लक्ष वेधणारा अहवाल अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज त्यात मांडला होता.

व्यत्यय आणि चुका यांचा थेट संबंध तपासणारा महत्त्वाचा अभ्यास जोहाना वेस्टब्रूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील दोन शिक्षण-रुग्णालयांत केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९८ परिचारिकांनी ७२० रुग्णांना दिलेल्या ४,२७१ औषधमात्रांचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्यात आले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.१ टक्के वेळा औषध देताना व्यत्यय आला. प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतील त्रुटी १२.१ टक्क्यांनी आणि औषधाशी थेट संबंधित चुका १२.७ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. व्यत्यय नसताना गंभीर चुकीची शक्यता २.३ टक्के होती. चार व्यत्यय आल्यावर ती ४.७ टक्के, म्हणजे सुमारे दुप्पट झाली.

याच संशोधकांच्या गटाने २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातीलच ॲडलेड येथील एका रुग्णालयातील आठ कक्षांत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. परिचारिकांनी औषध देताना ‘व्यत्यय आणू नका’ असा मजकूर असलेली बंडी घालावी आणि त्याबरोबर कर्मचारी व रुग्णांचे प्रबोधन करावे, असे त्याचे स्वरूप होते. प्रयोगापूर्वी दर १०० औषधमात्रांमागे सुमारे ५७ व्यत्यय येत होते आणि त्यांतील बहुसंख्य व्यत्ययांचा औषधाशी संबंध नव्हता. प्रयोगामुळे व्यत्यय कमी झाले. मात्र बंडी गैरसोयीची, उष्ण व वेळखाऊ असल्याची तक्रार परिचारिकांनी केली, आणि हा उपाय कायम ठेवण्यास निम्म्याहून कमी परिचारिकांनी पसंती दिली.

उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, अशा उपायांनी व्यत्यय कमी होतात याचा पुरावा मिळतो, परंतु त्यामुळे चुका किती कमी होतात याचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. त्यामुळे केवळ बंडी किंवा फलक यांवर विसंबून न राहता अनेक उपाय एकत्र करण्याकडे कल आहे.

विमानवाहतुकीतून आलेली संकल्पना

११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट शहराजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचे उड्डाण क्रमांक २१२ उतरताना कोसळून ७० हून अधिक लोक मरण पावले. उतरण्याच्या नाजूक वेळी वैमानिक अवांतर गप्पा मारत होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने नियम केला की, उड्डाण, अवतरण आणि साधारणपणे १०,००० फुटांखालील प्रवासात वैमानिकांनी विमान चालवण्याशी संबंध नसलेले कोणतेही काम किंवा संभाषण करू नये.

औषध देण्याची काही मिनिटे ही विमानाच्या अवतरणासारखीच नाजूक मानावीत, हा विचार २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतील परिचर्या संशोधक थेरेसा पेप यांनी मांडला. त्यातून जमिनीवर लाल पट्टी आखून ठरवलेले ‘शांत क्षेत्र’, विशिष्ट रंगाचा पट्टा किंवा ॲप्रन आणि तपासणी-सूची हे उपाय रुग्णालयांत आले.

प्रमुख उपाय

* शांत क्षेत्र : औषध तयार करण्याची जागा कक्षाच्या वर्दळीपासून थोडी बाजूला, पुरेशा उजेडात असावी. तेथे उभ्या असलेल्या परिचारिकेशी कोणी बोलू नये.
* कामाची वाटणी : औषधाच्या वेळी दूरध्वनी व नातेवाइकांचे प्रश्न यांसाठी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक. एकच परिचारिका असेल, तर तेवढा वेळ कक्षसेवकाने निरोप टिपून घ्यावेत.
* गाडीची पूर्वतयारी : फेरी सुरू होण्यापूर्वी सिरिंज, सुया, कापूस, पाणी, केसपेपर व सुयांची कचरापेटी गाडीवर असल्याची खात्री.
* एका वेळी एक रुग्ण : अनेक रुग्णांची इंजेक्शने एकदम भरून ट्रेमध्ये ठेवू नयेत. भरलेली प्रत्येक सिरिंज, ती लगेच द्यायची नसल्यास, औषधाचे नाव, मात्रा, वेळ व रुग्णाचे नाव लिहून चिकटपट्टीने ओळखता येईल अशी करावी.
* पुन्हा पहिल्यापासून : काम मध्येच थांबले, तर थांबलेल्या जागेपासून नव्हे तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी, मात्रेबद्दल शंका असेल तर भरलेले औषध टाकून द्यावे.
* स्वतंत्र दुहेरी तपासणी : अतिजोखमीच्या औषधांसाठी दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचे उत्तर न पाहता स्वतः हिशेब करून तपासणी करावी.
* तोंडी आदेशांचे वाचन : दूरध्वनीवरून मिळालेला आदेश लिहून घ्यावा, तो परत वाचून दाखवावा आणि डॉक्टरांकडून होकार घ्यावा.
* लगेच नोंद : औषध दिल्यावर पुढच्या खाटेकडे जाण्यापूर्वी नोंद करावी.

काही विकसित देशांतील रुग्णालयांत रुग्णाच्या मनगटपट्टीवरील व औषधावरील पट्टीसंकेत यंत्राने जुळवून पाहिले जातात. त्यासाठी संगणक, वीज आणि एकेका मात्रेच्या वेष्टनावर संकेत असणे आवश्यक असल्याने लहान सार्वजनिक रुग्णालयांत ही पद्धत सहजसाध्य नाही. वर दिलेले बहुतेक उपाय मात्र खर्चाचे नाहीत.

अतिजोखमीची औषधे

ज्या औषधांची चूक झाल्यास इजा गंभीर होते, त्यांना अतिजोखमीची औषधे म्हणतात. इन्सुलिन, रक्त पातळ करणारे हेपारिन, संहत पोटॅशियम क्लोराइड, मॉर्फिनसारखी वेदनाशामके, भुलीतील स्नायुशिथिलके व कर्करोगावरील औषधे यांचा त्यांत समावेश होतो. संहत पोटॅशियम क्लोराइड सौम्य न करता शिरेतून दिले गेल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून ते सर्वसाधारण कक्षात उघड्यावर न ठेवता वेगळ्या जागी, वेगळ्या खुणेने ठेवण्याची शिफारस केली जाते.

भारतात इन्सुलिनच्या कुप्या सामान्यतः दर मिलिलिटरला ४० एकके या प्रमाणाच्या, तर पेनमधील काडतुसे १०० एकके प्रमाणाची मिळतात. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात : ४० एककांच्या सिरिंजला लाल टोपण आणि १०० एककांच्या सिरिंजला केशरी टोपण. घाईत सिरिंज बदलली, तर मात्रा अडीचपट जास्त किंवा अडीचपट कमी होते. एकक हा शब्द इंग्रजी आद्याक्षराने लिहिल्यास ते अक्षर शून्यासारखे वाचले जाण्याचा धोका असतो. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा असे सांगितले जाते.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. देवनागरीतील एक (१) हा अंक इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरीतील चार (४) हा इंग्रजी आठसारखा दिसतो. केसपेपरवर दोन्ही पद्धतींचे अंक मिसळले गेल्यास मात्रेच्या वाचनात गोंधळ संभवतो. औषधाची मात्रा एकाच पद्धतीच्या अंकांत लिहिणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

जागतिक व राष्ट्रीय धोरण

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये बॉन येथे ‘हानीविना औषधोपचार’ या आशयाचे जागतिक आव्हान जाहीर केले. टाळता येण्याजोगी गंभीर औषधहानी पाच वर्षांत निम्म्याने कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. औषधांच्या चुकांचा जागतिक खर्च वर्षाला सुमारे ४२ अब्ज अमेरिकी डॉलर असल्याचा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन असून २०२२ मध्ये त्याचा विषय औषधसुरक्षा हा होता.

भारतात आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने २०१८ ते २०२५ या काळासाठी राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा तयार केला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला असून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग हे आहे. सार्वजनिक रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके लागू असून सुरक्षितपणे औषध देण्याची कार्यपद्धती हा त्यांतील तपासणीचा एक भाग आहे. खासगी व मोठ्या रुग्णालयांसाठी राष्ट्रीय रुग्णालय अधिस्वीकृती मंडळाच्या मानकांत औषध-व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्रकरण आहे. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीच्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या आचारनियमांत केली. अक्षर लागत नाही म्हणून येणारा व्यत्यय कमी करण्याच्या दृष्टीनेही ही दुरुस्ती महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रातील घटना

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे पोलिओ लसीकरणाच्या वेळी १२ बालकांना लसीच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. बालकांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करण्यात आले व ती सुखरूप राहिली. संबंधित तिघांवर कारवाई झाली. करोनाकाळात लसीकरणाच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवणे नेहमीचे झाले होते. दोन निरनिराळ्या द्रवांच्या बाटल्या एकाच जागी असणे किती घातक ठरू शकते, हे या घटनेने दाखवले.

सप्टेंबर २०२१ मध्ये ठाण्यातील कळवा येथील एका आरोग्य केंद्रात करोनाची लस घेण्यास आलेल्या व्यक्तीला चुकीच्या रांगेत उभी राहिल्याने श्वानदंशावरील लस टोचली गेली. केसपेपर न पाहता लस दिल्याबद्दल परिचारिकेस निलंबित करण्यात आले. योग्य रुग्ण हा पहिलाच निकष गर्दीत कसा निसटतो, याचे हे उदाहरण आहे.

दोन्ही घटनांत कारवाई व्यक्तींवर झाली. बाटल्यांची मांडणी, रांगांची आखणी आणि गर्दी यांबाबत काय बदलले, हा प्रश्न रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

जालना जिल्हा : स्थानिक संदर्भ

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९.५९ लाख आहे. जालना शहरात जिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णांना सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजेच ‘घाटी’त, नेण्याचा प्रघात आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत जालन्याचाही समावेश होता. वैद्यकीय शिक्षण सुरू झाले की कक्षांत विद्यार्थी व डॉक्टरांची ये-जा वाढते. उपचारांच्या दृष्टीने ती लाभाची असली, तरी औषधाच्या वेळा आणि वैद्यकीय फेरीच्या वेळा वेगळ्या ठेवण्याची गरजही तिच्यामुळे वाढते.

शेतीप्रधान जिल्ह्यातील रुग्णालयांत कीटकनाशकांची विषबाधा व सर्पदंश हे रुग्ण येतात. या दोन्ही उपचारांत मोजणी अखंड ठेवावी लागते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिनच्या मात्रा काही मिनिटांच्या अंतराने, रुग्णाची नाडी, बाहुल्या व छातीतील स्राव पाहून, वाढवत न्याव्या लागतात. भारतात ॲट्रोपिनची कुपी सामान्यतः ०.६ मिलिग्रॅमची असल्याने एका मात्रेसाठी अनेक कुप्या फोडाव्या लागतात. सर्पदंशात प्रतिविषाच्या साधारण ८ ते १० कुप्यांतील भुकटी एकामागून एक द्रावणात मिसळावी लागते. अशा वेळी खाटेभोवती घाबरलेल्या नातेवाइकांची गर्दी असते आणि ‘आता कसं आहे?’ हा प्रश्न दर मिनिटाला येतो. कितवी कुपी फोडली, याचा हिशेब मनात न ठेवता रिकाम्या कुप्या ट्रेमध्ये ओळीने ठेवणे आणि दुसऱ्या व्यक्तीने वेळ व संख्या लिहीत जाणे, हा उपाय तेथे उपयोगी पडतो.

रुग्णाची ओळख पटवण्यातही स्थानिक अडचणी असतात. एकाच कक्षात सारख्या नावाचे, कधी एकाच गावचे आणि एकाच आडनावाचे रुग्ण असू शकतात. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारल्यास ग्लानीतील किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण मान हलवतो. त्यामुळे ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असे विचारून वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि गाव केसपेपरशी जुळवणे अधिक सुरक्षित असते. खाटा बदलल्या जात असल्याने केवळ खाट क्रमांकावर विसंबणे धोक्याचे आहे. जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, उर्दू व बंजारा बोलीही बोलल्या जातात. सूचनाफलक लावताना आणि रुग्णाशी बोलताना याचा विचार आवश्यक ठरतो.

मनुष्यबळाचा प्रश्न

शासकीय रुग्णालयात कक्षाची जबाबदारी परिसेविकेकडे (इन्चार्ज सिस्टर) आणि प्रत्यक्ष शुश्रूषा अधिपरिचारिकांकडे असते. त्यांच्यावर अधिसेविकेची (मेट्रन) देखरेख असते. खाटांच्या प्रमाणात परिचारिकांची संख्या ठरवणारे निकष असले, तरी रिक्त पदे, रजा आणि प्रतिनियुक्ती यांमुळे प्रत्यक्ष पाळीवर त्यांहून कमी परिचारिका असू शकतात. शिवाय रुग्णनोंदणी, साठ्याच्या वह्या, ऑनलाइन माहिती भरणे, चादरींचा हिशेब अशी शुश्रूषेबाहेरची कामेही त्यांच्याकडे येतात. यातील प्रत्येक काम हे औषधाच्या वेळी संभाव्य व्यत्यय असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अल्पावधीत अनेक रुग्णांचे मृत्यू झाल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे व औषधखरेदी यांची चर्चा राज्यभर झाली. त्या मृत्यूंचा संबंध परिचारिकांच्या चुकांशी जोडला गेला नव्हता. तथापि अपुऱ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या कक्षांची स्थिती त्यामुळे लोकांसमोर आली. त्यापूर्वी मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांद्वारे होणाऱ्या कंत्राटी भरतीच्या विरोधात राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला होता. सतत बदलणाऱ्या मनुष्यबळामुळे कक्षाची औषधमांडणी व रीत नव्याने शिकावी लागते. औषधांच्या बाबतीतही तेच घडते : पुरवठादार बदलला की तेच औषध वेगळ्या वेष्टनात येते आणि ओळखीची खूण नाहीशी होते.

दोष कोणाचा?

चुकीनंतर परिचारिकेस शिक्षा करणे पुरेसे आहे काय, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेने शामक औषधाऐवजी स्नायुशिथिलक दिल्याने रुग्णाचा मृत्यू झाला. त्या वेळी शिकाऊ सहकाऱ्याशी बोलत असल्याने लक्ष विचलित झाल्याचे तिने स्वतः सांगितले होते. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरवले व मे महिन्यात तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा दिली. प्रामाणिकपणे चूक सांगणाऱ्यावर फौजदारी कारवाई झाल्यास पुढे कोणीही चूक सांगणार नाही, अशी भीती परिचारिकांच्या संघटनांनी व्यक्त केली. तर धोक्याच्या अनेक सूचना डावलल्या गेल्या असताना त्यास साधी चूक म्हणता येणार नाही, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या खटल्यात वैद्यकीय व्यावसायिकांच्या फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणा आवश्यक असल्याचे म्हटले आहे. रुग्णसुरक्षेचे अभ्यासक साधी मानवी चूक, धोका पत्करण्याची सवय आणि बेपर्वाई यांत फरक करतात. पहिलीसाठी व्यवस्था सुधारावी, दुसरीसाठी समज द्यावी आणि तिसरीसाठी शिक्षा करावी, असे त्यांचे मत आहे. थोडक्यात टळलेल्या चुकाही निर्भयपणे नोंदवता आल्या, तरच कोणत्या कक्षात, कोणत्या वेळी आणि कोणत्या कारणाने लक्ष विचलित होते हे कळू शकते.

रुग्ण व नातेवाइकांची भूमिका

ग्रामीण महाराष्ट्रात रुग्णाजवळ नातेवाईक असणे अपरिहार्य आहे. जेवण, स्वच्छता आणि धीर देणे ही कामे तेच करतात. म्हणून त्यांना बाहेर काढण्याऐवजी सहभागी करून घेणे अधिक व्यवहार्य ठरते. औषधाच्या फेरीच्या वेळा कक्षाच्या दारावर लिहिणे, त्या वेळी शंका न विचारता फेरीनंतर ठरलेल्या वेळी विचारण्याची सोय करणे, आणि तरीही आपल्या रुग्णाच्या औषधाबद्दल शंका असल्यास ती त्याच क्षणी विचारण्याचा हक्क स्पष्ट सांगणे, या तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. पूर्वीच्या ॲलर्जीची माहिती देणे, घरून आणलेली औषधे परिचारिकेस दाखवणे आणि ती परस्पर न देणे ही नातेवाइकांची जबाबदारी आहे.

संतप्त नातेवाइकांकडून होणारी धमकी किंवा हल्ला हा व्यत्ययाचा टोकाचा प्रकार होय. वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेस प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० चा असून त्यात परिचारिकांनाही संरक्षण दिलेले आहे.

मर्यादा

व्यत्यय कमी करण्याच्या उपायांवर काही आक्षेप घेतले जातात. ‘बोलू नका’ अशी बंडी घातलेली परिचारिका रुग्णाला परकी वाटते. रुग्ण आवश्यक गोष्टही सांगण्यास कचरतो. दुहेरी तपासणी प्रत्येक औषधासाठी सक्तीची केल्यास तीच दुसऱ्या परिचारिकेच्या कामात व्यत्यय ठरते आणि अखेर केवळ सहीपुरती उरते. उपलब्ध संशोधन प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, अमेरिका व युरोपातील रुग्णालयांतील आहे. तेथील परिचारिकांची संख्या, खाटांची रचना व भेटीचे नियम वेगळे असल्याने त्यातील आकडे महाराष्ट्रातील जिल्हा रुग्णालयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. स्थानिक कक्षांत व्यत्ययांची प्रत्यक्ष मोजणी करून उपाय ठरवणे ही त्यासाठीची पहिली पायरी मानली जाते. एका पाळीत औषधाच्या फेरीदरम्यान किती वेळा, कोणामुळे आणि कशासाठी थांबावे लागले, एवढी नोंद ठेवण्यास वही आणि पेन्सिल पुरेशी असते.

हेही पाहा

* रुग्णसुरक्षा
* परिचर्या
* जालना जिल्हा
* जागतिक आरोग्य संघटना
* सर्पदंश